तांब्याच्या पत्र्यावरील उठावकाम: पत्रा दर वेळी एकाच जागी का फाटतो?

नवशिका

सर्व जाणकारांना नमस्कार.

गेल्या काही महिन्यांपासून मोकळ्या वेळात तांब्याच्या पत्र्यावर ठोकून नक्षी उठवण्याचा छंद मी माझा मीच शिकतो आहे. पाने, वेलबुट्टी, भौमितिक आकृत्या असे उथळ काम बऱ्यापैकी जमू लागल्यावर जरा धाडस केले आणि १५ सेंटिमीटर लांबीचा एक मासा उठवायला घेतला. त्याचे पोट मधोमध सुमारे ५ सेंटिमीटर रुंद असून ते पत्र्याच्या पातळीपासून १२ मिलिमीटर वर यावे, असा बेत होता. पत्रा ०.५ मिलिमीटर जाडीचा आहे. खाली आधाराला जाड कांबळ्याची घडी आणि तिच्याखाली लाकडी फळी घेतो. पंच म्हणून मोठ्या खिळ्यांची टोके घासून वापरतो. आधी समोरून माशाची बाह्यरेषा आखून घेतली, मग पत्रा उलटा करून त्या रेषेच्या आतल्या कडेपासून मध्याकडे ठोकत गेलो.

काम निम्म्याहून पुढे जाईपर्यंत काही अडचण आली नाही. मधे दोन वेळा पत्रा स्वयंपाकाच्या गॅसवर तापवून घेतला. पोट साधारण ९ मिलिमीटर वर आले असताना एक घाव बसला आणि कल्ल्याच्या रेषेला लागून जवळजवळ २ सेंटिमीटरांची चीर पडली. पत्रा सदोष असेल असे समजून मी दुसऱ्या तुकड्यावर तोच मासा पुन्हा केला, तर तोही तेथेच, त्याच कल्ल्यापाशी फाटला. तेव्हा दोष पत्र्याचा नसून माझा आहे, इतके उमगले. पण नेमका कोणता, ते समजत नाही. तापवणे कमी पडते की जास्त होते, पत्रा जाड घ्यावा काय, आणि फाटलेला मासा दुरुस्त होऊ शकतो काय, हे कृपया सांगावे. दोन्ही मासे टाकून देण्याचे मन होत नाही.

जुनी ऐरण

नवशिका यांस नमस्कार. आपण इतक्या तपशिलाने लिहिले आहे की उत्तर देणे सोपे झाले आहे.

माझ्या मते मुख्य कारण तापवण्यातच आहे. तांबे ठोकले की त्याच्या आतील स्फटिकांचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि म्हणूनच ते आकार घेते. परंतु ही सरकण्याची सोय संपत जाते, थर एकमेकांत अडकतात आणि धातू ताठ होतो. ताठ झालेल्या तांब्याला आणखी ठोकले की ते ताणले न जाता तुटते. नरम तांबे तुटण्याआधी आपल्या मूळ लांबीच्या एक तृतीयांशाहून अधिक ताणले जाऊ शकते, तर पूर्ण ताठ झालेले तांबे जेमतेम काही टक्के ताण सहन करते. ताव दिल्यावर, म्हणजे पत्रा तापवून मऊ केल्यावर, जुने ताणलेले स्फटिक जाऊन त्यांच्या जागी नवे, ताणरहित स्फटिक तयार होतात आणि पत्रा पुन्हा पहिल्यासारखा मऊ होतो. ९ मिलिमीटर उठावासाठी दोनच ताव म्हणजे फार थोडे झाले. मला अशा कामाला पाच-सहा तरी लागतात.

ताव कधी द्यायचा, हे मोजून ठरवू नये, ऐकून ठरवावे. मऊ पत्र्यावर हातोडीचा आवाज ‘थप्प’ असा बसका येतो. पत्रा ताठ होत गेला की तोच आवाज हळूहळू ‘टण्ण’ असा उघडा होतो आणि हातोडी हाताला उलट झटका देऊ लागते. तेथे थांबावे. ‘एवढा भाग संपवून मग तापवतो’ हा विचार जितक्या वेळा मी केला, तितक्या वेळा पत्रा फुकट घालवला आहे.

आता गॅसच्या शेगडीविषयी. तांबे उष्णता इतक्या झपाट्याने वाहून नेते की शेगडीवर पत्र्याचा एक भाग तापतो आणि बाकीचा भाग ती उष्णता हवेत सोडत राहतो. पत्र्यावर इंद्रधनुषी रंग दिसले म्हणजे तो मऊ झाला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते रंग फार आधी येतात. त्यांच्यानंतर पत्रा काळपट होतो आणि त्याच्याही नंतर मंद लाली येते. खोलीतला उजेड कमी करून ही लाली जेमतेम दिसेल इतपत, आणि ती सगळ्या पत्र्यावरून एकदा फिरेल अशा बेताने तापवावे. त्यासाठी हातात धरायची गॅसची टॉर्च आणि खाली व मागे उष्णतारोधक विटा हव्यात, कारण विटा उष्णता पत्र्याकडे परत फेकतात. लाली दिसल्यावर मात्र थांबावे. फार वेळ लाल ठेवले तर स्फटिक वाढून मोठे होतात आणि पुढे ठोकताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत उमटतो.

तापलेला पत्रा सरळ पाण्यात टाकला तरी चालतो. पोलाद पाण्यात विझवल्याने कडक होते, म्हणून तांबेही होईल, ही भीती निराधार आहे. उलट पाण्याच्या झटक्याने वरची काळी खपली बरीचशी सुटून येते.

जाडीविषयी एक हिशेब ध्यानात ठेवावा. वर्तुळाकार पत्र्याचा कडेचा भाग न हलवता केवळ ताणून अर्धगोल केला, तर क्षेत्रफळ दुप्पट होते, म्हणजे ०.५ मिलिमीटरचा पत्रा सरासरी ०.२५ मिलिमीटर उरतो. खोल कामासाठी ०.८ मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यावा. मात्र गेज क्रमांक सांगून पत्रा मागू नये, कारण गेजच्या पद्धती एकाहून अधिक आहेत आणि त्याच क्रमांकाची जाडी निरनिराळी निघते. मायक्रोमीटरने मोजून घ्यावा. (फार जाडही नको. १८८६ साली उभा राहिलेला न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा प्रचंड पुतळा याच रीतीने ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यांचा आहे, आणि त्या पत्र्याची जाडी अवघी २.४ मिलिमीटरच्या आसपास आहे.)

धातुवेडी

जुनी ऐरण यांनी तावाबद्दल जे लिहिले आहे, त्यातील प्रत्येक शब्द मला मान्य आहे. पण या माशाचे दुखणे तेवढेच असेल असे मला वाटत नाही. त्यांनी अर्धगोलाचा हिशेब दिला, तोच आपण या माशाला लावून पाहू. ५ सेंटिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर उंच असा उथळ घुमट धरला तर क्षेत्रफळ जेमतेम २३ टक्के वाढते. म्हणजे ताण सर्वत्र सारखा वाटला गेला असता तर पूर्ण उंची गाठूनही पत्रा सरासरी ०.४ मिलिमीटर उरला असता आणि मुळीच फाटला नसता. तो फाटला, आणि दोन्ही वेळा एकाच रेषेवर फाटला, याचा अर्थ सगळा ताण त्या एका रेषेने सोसला. बाकीचे पोट जवळपास मूळ जाडीचेच असेल. शंका असल्यास फाटलेला मासा आडवा कापून त्याची कड भिंगातून पाहावी. कल्ल्याशेजारी पत्रा कागदासारखा झालेला आणि मधोमध जसाच्या तसा दिसेल.

याची मला दोन कारणे दिसतात. पहिले म्हणजे ठोकण्याचा क्रम. आपण आखलेल्या रेषेपासून मध्याकडे गेलात. रेषेलगत सुरुवातीलाच खोल ठोकले की तेथे उभी भिंत तयार होते, ती सर्वांत आधी ताठ होते आणि पुढचा प्रत्येक घाव त्याच भिंतीला खाली ओढतो. मी याच्या उलट करते. आधी रुंद, गोल तोंडाच्या लाकडी पंचाने पोटाचा मधला भाग सर्वदूर थोडा थोडा खाली नेते, मग ताव देते, मग जरा बाहेर सरकते, आणि रेषेपाशी सर्वांत शेवटी पोहोचते. उंची हवी त्यापेक्षा किंचित अधिक झाली तरी बिघडत नाही, कारण नंतर समोरून काम करताना ती थोडी खाली बसतेच. शिवाय आकृतीभोवती ३-४ सेंटिमीटर मोकळा पत्रा ठेवावा; अगदी कडेपर्यंत आकृती नेली की पत्रा मुरडतो आणि ती मुरड सरळ करण्यात निम्मी संध्याकाळ जाते.

दुसरे कारण म्हणजे खिळे. खिळ्याचे लोखंड मऊ असते, त्यात कार्बन इतका कमी असतो की त्याला पाणी चढत नाही, म्हणजे तापवून विझवले तरी ते कडक होत नाही. ठोकता ठोकता त्याचे तोंड चेपते आणि कडेला सुईसारखी धार तयार होते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण नखावरून फिरवली तर खरचटते. ती धार पत्र्यात सूक्ष्म खाच पाडते आणि चीर नेमकी त्या खाचेतून सुरू होते. माझ्या पहिल्या कामात, एका साध्या कमळात, सातपैकी चार पाकळ्या अशाच फाटल्या होत्या, आणि मी तीन आठवडे पत्र्याला दोष देत होते.

पंच घरी करता येतात आणि ते करण्यात निराळाच आनंद आहे. ६ ते ८ मिलिमीटर जाडीची टूल स्टीलची सळई घेऊन तिचे हाताच्या मुठीत मावून वर थोडे उरतील असे, साधारण ११ सेंटिमीटरांचे तुकडे करावेत. एका टोकाला कानशीने हवा तो आकार द्यावा, सर्व कडा गोल कराव्यात आणि मग २२०, ४००, ६०० अशा चढत्या क्रमाने पॉलिश पेपर फिरवून तोंड आरशासारखे करावे, कारण पंचाच्या तोंडावर असलेला प्रत्येक ओरखडा पत्र्यावर इमानाने उमटतो. त्यानंतर ते टोक लाल तापवावे. लोहचुंबक चिकटेनासे झाले की आणखी किंचित तापवून तेलात विझवावे. पोलाद कोणत्या प्रकारचे आहे त्यावर तेल की पाणी हे ठरते, परंतु तेल बहुतेकांना चालते. आता कानस लावून पाहिली तर ती न चावता घसरली पाहिजे. या अवस्थेत पंच काचेसारखा ठिसूळ असतो. म्हणून टोक पुन्हा पॉलिश पेपरने उजळून, पंच मधल्या भागापासून सावकाश तापवावा आणि टोकापर्यंत वाळल्या गवतासारखा पिवळा रंग सरकत आला की लगेच विझवावा. हातोडी बसते ते वरचे टोक मात्र मऊच ठेवायचे, नाहीतर त्याचे कपचे उडतात. कालांतराने ते टोक छत्रीसारखे पसरते; तेव्हा पसरलेली कड घासून टाकावी.

जुनी ऐरण

धातुवेडी यांचा हिशेब बिनतोड आहे. अर्धगोलाचे उदाहरण देताना मी प्रत्यक्ष माशाची मापे घालून पाहिली नाहीत, ही माझी चूक. पत्रा ०.८ मिलिमीटरचा घ्यावा हे मी तरीही म्हणेन, कारण नवीन हाताकडून ताण सारखा वाटला जात नाही आणि जाड पत्रा ती चूक पोटात घालतो. पण क्रम बदलल्याशिवाय जाड पत्राही तेथेच फाटेल, फक्त जरा उशिरा.

संध्याकाळचा उद्योग

दोघांच्याही उत्तरांत कांबळ्याचा मुद्दा राहून गेला. कांबळ्याची घडी प्रत्येक घाव गिळते आणि घावाभोवतीचा पत्राही सोबत खाली जाऊ देते, म्हणून हवी ती जागा दबवण्यासाठी आपण नकळत अधिक जोराने ठोकतो. उठावकामाला राळेइतका चांगला आधार दुसरा नाही. ती घावाखाली थोडी दबते आणि शेजारचा पत्रा मात्र घट्ट धरून ठेवते.

मी राळ आणि विटकरीची बारीक चाळलेली पूड सुरुवातीला समान वजनाने घेतो आणि त्यात थोडे तेल घालतो. मंद आचेवर राळ वितळली की पूड हळूहळू ढवळत मिसळावी. थंड झाल्यावर नखाने दाबून पाहावे. नख मुळीच उमटले नाही आणि राळ तडकली, तर तेल वाढवावे, आणि नख सहज रुतले तर पूड वाढवावी. हवा थंड असेल तेव्हा तेच मिश्रण कडक वाटते, त्यामुळे प्रमाण एकदाच ठरवून चालत नाही. हे मिश्रण जड, गोल बुडाच्या लोखंडी वाडग्यात ओतून वाडगा दोराच्या कड्यावर ठेवला की काम हवे तसे तिरके करता येते.

पत्रा बसवताना राळेचा वरचा थर टॉर्चने नुसता चकचकीत होईल इतका तापवावा. फेस येऊ लागला की राळ करपते, ठिसूळ होते आणि पेटही घेते. पत्र्याचे चारही कोपरे खाली मुडपून राळेत रुतवावेत, म्हणजे तो सुटत नाही. पत्रा उलटून समोरून काम करायच्या वेळी मागचा खळगा आधी वितळलेल्या राळेने काठोकाठ भरून घ्यावा. आत हवेची पोकळी राहिली तर नेमका त्या जागी पत्रा निराधार असतो, आणि सुबक उठवलेले पोट एका घावात आत बसते. हे मी दोनदा अनुभवले आहे.

तीन सावधगिरीच्या गोष्टी. पेटलेल्या राळेवर पाणी ओतू नये, झाकण ठेवून ती विझवावी. गरम राळ त्वचेवर पडली तर ओढून काढू नये, सालडे निघते. तो भाग आधी थंड पाण्याखाली धरावा. ताव देण्यापूर्वी पत्र्याला चिकटलेली राळ टर्पेंटाइनने पुसली, तर पत्रा पूर्ण वाळल्याशिवाय आणि ती चिंधी दूर नेऊन ठेवल्याशिवाय टॉर्च पेटवू नये.

चौथा मजला

दुरुस्तीचा प्रश्न तसाच राहिला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. चीर पुढे जाऊ नये यासाठी तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे. मागून तांब्याचाच पातळ तुकडा बसवून टाकणखार लावून चांदीच्या झाळेने (वितळवून सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूने) झाळता येते, परंतु तांब्यावर झाळेची पांढरी रेघ कायम दिसते. ती ज्यांना खुपते त्यांच्यासाठी दुसरा उपाय असा की चीर लपवूच नये. आपली चीर कल्ल्यापाशीच पडली आहे. सोनारी करवतीने तिला कल्ल्याच्या वळणाचा आकार द्यावा आणि मागून काळवंडलेला पत्रा लावावा. पाहणाऱ्याला ती मुद्दाम ठेवलेली फट वाटेल. कथलाची मऊ झाळ मात्र वापरू नये. पुढे कधी त्याच वस्तूला चांदीची झाळ द्यावीशी वाटली, तर जुने कथील तापून तांब्यात खड्डे पाडते.

काळी खपली काढण्यासाठी कोमट पाण्यातील सायट्रिक आम्ल पुरते; जरा वेळ लागतो, पण घरात तीव्र आम्लांपेक्षा ते बरे. वस्तू त्यातून काढताना लोखंडी चिमटा वापरू नये. तांब्यावर फारसा फरक कळत नाही, मात्र पितळेची किंवा चांदीची वस्तू असेल तर लोखंडाच्या स्पर्शाने तिच्यावर तांब्याचा लालसर थर चढतो.

पितळेचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो. पितळेला ताव देताना तांब्याइतकी मोकळीक घेऊ नये. त्यात जस्त असते, आणि जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते; फार तापवले तर पांढरा धूर निघतो व तो श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तर टॉर्चखाली धरूच नये. पितळ लाल असताना पाण्यात टाकले तर तडकू शकते. लाली पूर्ण जाऊ द्यावी आणि मग विझवावे. आणि कानांत बोळे घालावेत, हे मी चौथ्या मजल्यावर राहून सांगतो आहे. खालच्या मजल्याची तक्रार मी जड लाकडी ओंडक्याखाली रबराची जाड चकती ठेवून मिटवली.

नवशिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे फाटलेला मासा आडवा कापून पाहिला. धातुवेडी यांनी न पाहता जे सांगितले होते, ते तंतोतंत निघाले: पोटाच्या मधोमध जाडी ०.४७ मिलिमीटर भरली, तर चिरेलगत मायक्रोमीटरचे जबडे जेमतेम ०.१८ वर थांबले.

त्यानंतर ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यावर, राळेवर, मध्यापासून बाहेर येत तिसरा मासा केला. सहा ताव लागले. आवाजातला बदल पहिल्या दोन वेळा मला मुळीच ओळखता आला नाही. तिसऱ्या वेळी मऊ आणि ताठ असे दोन तुकडे शेजारी ठेवून आळीपाळीने ठोकून पाहिले, तेव्हा कानाला फरक पटला. पोट ११ मिलिमीटर वर आले आहे आणि कोठेही चीर नाही. एक गालबोट लागलेच: शेवटचे खवले ठोकताना पंच निसटला आणि हातोडीची कड थेट शेपटीवर बसली. तो अर्धचंद्राकार वण आता तेथेच राहील. दुसऱ्या फाटक्या माशाला चौथा मजला यांच्या सल्ल्याने कल्ल्याची फट केली, आणि घरच्यांना तोच अधिक आवडला, हे मला जरा झोंबले आहे.

एवढेच विचारायचे आहे की खवल्यांच्या खाचा काळ्या आणि उंचवटे उजळ राहावेत यासाठी काय करावे?

धातुवेडी

हार्दिक अभिनंदन! लिव्हर ऑफ सल्फर या नावाने मिळणारे पोटॅशियम आणि गंधकाचे संयुग कोमट पाण्यात अगदी फिके, चहाच्या पहिल्या उतारासारखे विरघळवावे. वस्तू डाग व तेल यांपासून पूर्ण स्वच्छ असावी. ती काही क्षण बुडवून काढावी, पाण्याखाली धरावी आणि पुन्हा बुडवावी. एकदम गडद द्रावणात टाकली तर काळा थर जाड चढतो आणि पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. हवा तितका काळेपणा आला की ओल्या कापडावर प्युमिसची बारीक पूड घेऊन फक्त उंचवट्यांवरून फिरवावी, वस्तू कोरडी करून किंचित गरम असतानाच मेणाचा पातळ हात द्यावा. बोटांचे ठसे मेणाच्या आधी पडले तर ते काही दिवसांनी वर येतात, म्हणून या टप्प्यावर हातमोजे घालावेत.

हे काम खिडक्या उघड्या ठेवून करावे. सायट्रिक आम्लातून काढलेली वस्तू आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून भरपूर धुऊन घ्यावी, कारण हे द्रावण आणि आम्ल एकत्र आले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. आम्लाचे भांडे त्या दिवशी टेबलावर ठेवूच नये.